लेकराचे बोलणे आणि मंडळीचे कान

(मिशनच्या वार्षिक मदतदार मेळाव्यात वसतिगृहाच्या कार्यकर्त्या भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा हिशेब सांगते. मुले किती, दहावीला पास किती झाली, तांदूळ-डाळ कोणत्या मंडळीकडून आली, छपराचे पत्रे बदलले की नाही. यंदा तो अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे. मला मात्र पाळकसाहेबांनी वेगळाच विषय दिला आहे. त्याचे कारण तरुण संघात झालेला वाद. स्वीडनच्या ग्रेटा थनबर्गबद्दल बोलणे चालले होते. एक भाऊ म्हणाला, ही या काळातली संदेष्टी आहे. दुसरी बहीण म्हणाली, शाळा बुडवून रस्त्यावर बसणाऱ्या मुलीचे कौतुक मंडळीने कशाला करायचे? दोघेही तावातावाने माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा."

मी हवामानशास्त्र शिकलेली नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका आणि वीस वर्षे जव्हारकडच्या पाड्यांवरचे काम, एवढीच माझी शिदोरी. तेवढ्यावरच बोलते.

आधी हकीगत नीट पाहू. ग्रेटाचा जन्म ३ जानेवारी २००३ रोजी स्टॉकहोमला झाला. आई ऑपेरा गायिका, वडील नट. आठेक वर्षांची असताना तिने पृथ्वी तापत असल्याचे ऐकले. मोठ्या माणसांना हे ठाऊक आहे आणि तरी ती काही करत नाहीत, हे तिच्या डोक्यातून जाईना. अकराव्या वर्षी ती आजारी पडली. बोलणे बंद, खाणे जवळजवळ बंद. दोन महिन्यांत तिचे वजन सुमारे दहा किलोने उतरले. डॉक्टरांनी आस्पर्जर सिंड्रोमचे निदान केले. गरज वाटेल तेव्हाच बोलणारी अशी ती मुलगी.

पहिले काम तिने घरात केले. आईवडिलांपुढे माहिती ठेवत राहिली. आईने विमानप्रवास सोडला. परदेशात गाणाऱ्या गायिकेला ते सोपे नव्हते. घरातले खाणेपिणे बदलले. आणि शाळा सोडून बसायचे तिने ठरवले तेव्हा आईवडिलांनी पाठिंबा दिला नव्हता. करायचे तर तुझे तूच कर, असे वडिलांनी सांगितले होते.

२०१८ चा उन्हाळा स्वीडनमध्ये फार कडक गेला. जंगलांना मोठमोठे वणवे लागले. २० ऑगस्ट २०१८ रोजी पंधरा वर्षांची ग्रेटा स्वीडनच्या संसदेबाहेर एक पाटी घेऊन बसली. पाटीवर लिहिले होते, हवामानासाठी शाळेचा संप. पहिल्या दिवशी ती एकटीच होती. दुसऱ्या दिवशी काहीजण येऊन शेजारी बसले. ९ सप्टेंबरच्या निवडणुकीपर्यंत ती शाळेच्या दिवशी रोज बसली आणि त्यानंतर दर शुक्रवारी. त्याच डिसेंबरात पोलंडमधल्या कातोवित्से येथे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत ती बोलली. १५ मार्च २०१९ रोजी शंभराहून अधिक देशांत दहा लाखांहून अधिक मुले शाळेबाहेर आली. त्या सप्टेंबरात, आयोजकांच्या अंदाजाने, एका आठवड्यात साठ लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर उतरली. त्याच सुमारास ती न्यूयॉर्कला गेली तीही विमानाने नव्हे, शिडाच्या नावेतून, दोन आठवडे समुद्र पार करून. वर्षअखेरीस 'टाइम' साप्ताहिकाने तिला वर्षाची व्यक्ती म्हणून निवडले. तोवर त्या मानासाठी एवढ्या लहान वयाचे कोणी निवडले गेले नव्हते.

आता परिणाम काय झाला? लोकांच्या बोलण्यात शिरला तो मला आधी सांगावासा वाटतो. स्वीडिश भाषेत 'फ्लिगस्काम' असा शब्द रूढ झाला, म्हणजे विमानाने जाण्याची लाज. आधी परदेशवारीची ऐट मिरवायची, आता रेल्वेने गेलो हे अभिमानाने सांगायचे. स्वीडनमधल्या सरकारी कंपनीच्या विमानतळांवर २०१९ मध्ये प्रवासी सुमारे ४ टक्क्यांनी घटले. त्यामागे विमानप्रवासावरचा कर होता, मंदावलेला बाजारही होता. सारे श्रेय एका मुलीला देणे खरे होणार नाही. पण लाज कशाची वाटावी आणि अभिमान कशाचा, हे समाजात बदलू लागले. इंग्रजी शब्दकोश काढणाऱ्या कॉलिन्स या संस्थेने 'हवामान संप' या अर्थाचा शब्द २०१९ चा शब्द म्हणून निवडला. लंडनच्या संग्रहालयातल्या एका इवल्याशा भुंग्यालाही शास्त्रज्ञाने तिचे नाव दिले.

आणि काय झाले नाही तेही सांगते. धूर कमी झाला नाही. २०२० मध्ये महामारीमुळे जगाचे कारखाने थांबले तेवढेच उत्सर्जन उतरले, पुढे पुन्हा वर गेले. हे तिने स्वतःच सर्वांत कडक शब्दांत सांगितले आहे. नेते तिच्याबरोबर फोटो काढतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, ही तिची तक्रार आहे. म्हणजे तिचे ऐकले असे सगळे म्हणतात, पण तिने सांगितलेले करतो कोण?

इथे आपल्या विश्वासाचा प्रश्न येतो. १ डिसेंबर २०१८ रोजी स्वीडनमधल्या लिमहाम्न गावच्या चर्चने ट्विटरवर जाहीर केले की नासरेथच्या येशूने आपला एक उत्तराधिकारी नेमला आहे, आणि तो म्हणजे ग्रेटा थनबर्ग. कोणी हसले, कोणी रागावले. माझ्या मते ती चूक होती, आणि मुलीवर अन्यायही होता. पंधरा वर्षांच्या लेकराला देव्हाऱ्यात बसवले की त्याचे ऐकण्याची गरज उरत नाही, हार घातला की काम झाले. पुढे १७ एप्रिल २०१९ रोजी ती रोमला पोप फ्रान्सिस यांना भेटली. त्यांनी तिला पुढे चालत राहा म्हणून उत्तेजन दिले. तेवढे मला योग्य वाटते. वडीलधाऱ्याने लेकराच्या खांद्यावर हात ठेवावा, त्याच्या डोक्यावर प्रभामंडळ चढवू नये.

पवित्र शास्त्रातला बाळ शमुवेल आपल्याला संडे स्कूलपासून माहीत आहे. रात्री हाक आली, तो तीनदा उठून एलीकडे धावला. ती गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि तिथेच थांबतो. शमुवेलाचे पहिले पुस्तक, तिसरा अध्याय, पुढे वाचा. बाळाला मिळालेला संदेश गोड नव्हता, तो एलीच्याच घराविरुद्ध होता. मुलगा सांगायला घाबरला, सकाळपर्यंत पडून राहिला. आणि एली? डोळ्यांनी मंद झालेला, पोरांना आवर न घातलेला म्हातारा याजक. पण त्याने मुलाला बोलावून बजावले की माझ्यापासून काही लपवू नकोस. ऐकले, आणि हे परमेश्वराकडचे आहे असे मान्य केले. शमुवेल बोलला याचे आपण कौतुक करतो. मला मात्र हल्ली एलीचा विचार जास्त येतो. लेकराने आपल्याविरुद्ध बोलावे आणि आपण त्याला आणखी सांग म्हणावे, हे किती जणांना जमते?

आणि कोणते लेकरू? सगळ्या लेकरांचे जग सारखे ऐकत नाही. जानेवारी २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या दावोसमध्ये पाच तरुणींचा एक फोटो काढला गेला. चौघी युरोपातल्या, त्यांत ग्रेटा. पाचवी युगांडाची व्हेनेसा नकाते. एका मोठ्या वृत्तसंस्थेने तो फोटो जगभर पाठवला तेव्हा व्हेनेसा त्यात नव्हतीच. कडेला उभी होती, कापली गेली. मागची इमारत चित्रात बरी दिसत नव्हती, असे कारण सांगण्यात आले. पुढे संस्थेने दिलगिरीही व्यक्त केली. व्हेनेसा रडून बोलली की तुम्ही नुसता फोटो कापला नाही, एक अख्खे खंड पुसले. ग्रेटाने तिची बाजू घेतली आणि आठवडाभरात स्टॉकहोमला आफ्रिकेतल्या तरुणांसाठी पत्रकारांची बैठक भरवली. मी बोलत नाही, तुम्ही यांचे ऐका, असा तिचा त्या दिवशीचा पवित्रा होता. तिच्या साऱ्या गर्दीच्या सभांपेक्षा मला ही बैठक मोठी वाटते.

आपल्या देशातही तसेच आहे. ग्रेटा पाटी घेऊन बसली त्याच्या एक वर्ष आधी, २०१७ मध्ये, उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या रिद्धिमा पांडेने राष्ट्रीय हरित लवादाकडे सरकारविरुद्ध अर्ज केला होता. आपल्यापैकी किती जणांनी तिचे नाव ऐकले? मणिपूरची लिसिप्रिया कंगुजम तर लहान वयातच पत्रकारांना सांगून थकली की मला भारताची ग्रेटा म्हणू नका, मला माझे नाव आहे. दुसऱ्याच्या साच्यात बसले तरच आपल्या लेकराचे कौतुक करायचे, ही आपलीही खोड आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला त्याकडे येते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तरेकडे सामी नावाचे आदिवासी राहतात. रेनडिअर पाळणे हे त्यांच्यातल्या अनेकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. नॉर्वेतल्या फोसेन भागात त्यांच्या चराईच्या डोंगरांवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पवनचक्की म्हणजे स्वच्छ वीज, हवामानासाठी चांगलीच गोष्ट. पण रेनडिअर त्या पात्यांजवळ जात नाहीत, कळपांची हिवाळ्यातली चराई गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या परवान्यांमुळे सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झाला आहे. निकाल झाला आणि चक्क्या फिरतच राहिल्या. पाचशे दिवस उलटले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुण ओस्लोला ऊर्जा मंत्रालयात जाऊन बसले. काहींनी आपला पारंपरिक पोशाख, गाक्ती, निषेध म्हणून उलटा घातला होता. ग्रेटा त्यांच्यात जाऊन बसली. पोलिसांनी इतरांबरोबर तिलाही उचलून नेले. काही दिवसांत सरकारने सामींची माफी मागितली. पुढे भरपाईचे आणि दुसऱ्या चराईचे करार झाले. पवनचक्क्या मात्र तिथेच आहेत.

बघा, जी मुलगी हवामानासाठी शाळा सोडून बसली तीच पवनचक्क्यांविरुद्ध बसली. लोक म्हणाले, हे काय उलटेच? तिचे म्हणणे साधे होते. पृथ्वी वाचवायचे काम आदिवासींच्या पोटावर पाय देऊन करता येत नाही.

आणि मंडळीचे काय? स्वीडनच्या चर्चने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी उप्सला येथील मुख्य चर्चमध्ये सामींची जाहीर माफी मागितली. माफी मागणाऱ्या आर्चबिशप एक स्त्री होत्या. कशाची माफी? चर्चच्या लोकांनी चालवलेल्या शाळांत सामी मुलांना वेगळे आणि हलके शिक्षण दिले गेले. वंशाच्या मोजमापाच्या नावाखाली त्यांच्या पूर्वजांच्या कवट्या कबरींतून काढून नेल्या गेल्या, त्याला पाद्री लोकांनी हातभार लावला. हे करणारी माणसे प्रार्थना करत होती, वर्गणी गोळा करत होती, आपण चांगलेच करत आहोत असे समजत होती. आपणही शाळा-वसतिगृह चालवतो. म्हणून हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

कारण मला आमच्याच वसतिगृहातली एक सकाळ आठवली. आज ती तुमच्यापुढे सांगते. तेव्हा सांगितली नव्हती.

काही वर्षांपूर्वी तुमच्याच देणग्यांतून आम्ही वसतिगृहामागच्या उतारावर तीनशे रोपे लावली. ऑस्ट्रेलियन बाभूळ, लवकर वाढते म्हणून. शहरातून पाहुणे आले होते, मुलांना टोप्या वाटल्या होत्या. खड्डे खणताना सातवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. वर्गात कधी तोंड न उघडणारी. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे येणारी पुष्कळ मुले पहिले सहा महिने गप्पच असतात. घरी वारली किंवा कोकणा बोली, शाळेत पुस्तकी मराठी. चूक होईल म्हणून बोलतच नाहीत. ती हळूच म्हणाली, "बाई, इथं नका लावू. इथं आई शेवळं काढते. त्या बाभळीखाली काय उगवत नाय."

मी काय केले? हसले. म्हटले, "अगं, झाडे लावणे चांगले असते." आणि तिच्या हातात रोप देऊन तिला फोटोसाठी पुढे उभे केले. तो फोटो आपल्या अंकात छापला गेला. अनेकांनी पत्रे पाठवून कौतुक केले.

झाडे जगली. उतारावर जाड पाचोळ्याचा थर बसला. पहिल्या पावसाबरोबर तिथे वर येणारी शेवळं, लोत, सगळे हळूहळू दिसेनासे झाले. ज्यांना रानभाजी म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांना सांगते. जूनमध्ये घरातले धान्य संपत आलेले असते आणि नवे यायला चार महिने असतात. त्या दिवसांत बाया पहाटे रानात जातात, घरापुरती भाजी ठेवतात आणि उरलेल्याच्या जुड्या बाजारात विकतात. मीठ-तेल त्यावर येते. तो उतार पाच-सहा घरांचा जूनचा आधार होता. आम्ही तो पुण्याईच्या भावनेने झाकून टाकला. मुलीने वेळेवर सांगितले होते. फोटोत ती आहे, तिचे बोलणे कापलेले आहे.

त्या घरांची मी नंतर माफी मागितली. तिची आई एवढेच म्हणाली, "पोरीनं सांगितलं होतं ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. गेल्या दोन वर्षांत आम्ही गावाच्या संमतीने निम्म्या बाभळी काढल्या. यंदा पावसाळ्यात एका कडेला थोडी शेवळं वर आली. थोडीच. पण बायांनी ती काढली नाहीत, कंद वाढू दे म्हणाल्या.

म्हणून तरुण संघाच्या भावाला आणि बहिणीला माझे उत्तर असे आहे. ग्रेटा संदेष्टी आहे की नाही हे ठरवणे आपल्या हातात नाही. आज ती मोठी झाली आहे. जून २०२३ मध्ये शाळा संपली तेव्हा तिचा शाळेचा संपही संपला. पुढे इतर अनेक राजकीय प्रश्नांत ती उतरली आहे. तिच्या प्रत्येक भूमिकेला मान डोलवा असे मी म्हणत नाही. शाळा बुडवा असे तर मुळीच नाही. आमची मुले शाळेत यावीत म्हणून मी दारोदार फिरते. पण एका गप्प मुलीने जगाला एक सवय लावली, मोठ्यांनी खाली बसून लेकराचे ऐकायची. ती सवय आपल्या मंडळीत आली तर तिचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचला असे मी समजेन. आणि ते ऐकणे स्टॉकहोमच्या मुलीपासून नव्हे, आपल्या वसतिगृहातल्या शेवटच्या बाकापासून सुरू व्हायला हवे.

आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. कोणतेही नवे काम, विहीर असो की झाडे, हाती घेण्याआधी पाड्यावर बसून विचारायचे आणि मुलांची वेगळी बैठक घ्यायची, त्यांच्या बोलीत. मुले जे सांगतील ते वहीत जसेच्या तसे लिहायचे, आपल्याविरुद्ध असले तरी. दुसरे, या अंकात आता मुलाचा फोटो छापला तर त्याखाली त्याचे म्हणणेही छापायचे.

तुमच्याकडून एकच मागणे आहे. देणगी देताना पावती मागता तसे हेही विचारा, "ताई, पाड्यावरच्या लोकांना विचारले का? मुले काय म्हणाली?" मला अडचणीत टाका. मी काही लपवले तर एलीने शमुवेलाला बजावले तसे मला बजावा. आणि प्रार्थनेत त्या मुलीची आठवण ठेवा. ती आता बारावीला आहे आणि बरीच बोलते, कधीकधी माझ्याविरुद्धही.

प्रभू आपल्याला ऐकणारे कान देवो. आमेन.